काठीने वळण लागते काय?



बुद्धवंदना म्हणताना आपण तथागतांना रोज एक विशेषण लावतो: पुरिसदम्मसारथि. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरांतल्या मुलांनाही ते पाठ असते; परंतु त्याच्या अर्थापाशी थांबणारे थोडे. ज्याला वळण लावायचे तो दम्म, आणि वळण लावणारा तो सारथी. घोडे-बैल शिकविणाऱ्यांच्या धंद्यातला हा शब्द आहे. तेव्हा सहज प्रश्न पडतो की, हा सारथी हातात काय घेऊन शिकवीत होता? आणि त्याचे नाव घेणारे आपण, घरातल्या मुक्या जिवाला वळण लावताना हातात काय घेतो?

मी पाळलेल्या कुत्र्याविषयी बोलतो आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्यावर आपली पूर्ण सत्ता चालते आणि ज्याला कोठे तक्रार नेता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, हे क्षुल्लक कसे म्हणावे?

आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. पिल्लू घरात मुतले की त्याचे नाक त्यात घासायचे. चप्पल कुरतडली की त्याच चपलेने बडवायचे. मोठे होऊन सायकलवाल्याच्या अंगावर धावू लागले की साखळीला हिसका द्यायचा, पाठीत काठी घालायची, आणि तरीही ऐकले नाही तर दिवसरात्र बांधून ठेवायचे. मग ते एका कोपऱ्यात गप्प पडून राहू लागले की आपण म्हणतो, "आता शहाणे झाले." एखाद्याने पंचशीलाची आठवण करून दिलीच, तर उत्तर तयार असते: मी त्याचा जीव कुठे घेतला? पहिले शील प्राणहत्येविषयी आहे, दोन रट्ट्यांविषयी नाही.

हे उत्तर कायद्यातली पळवाट शोधणाऱ्याचे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. प्रेम करा, म्हणजे मारण्याची इच्छाच उरणार नाही, हा त्या तत्त्वाचा गाभा. आता तत्त्वाची ही मोकळीक अडचणीच्या प्रसंगी विवेक करण्यासाठी आहे, रागाच्या भरात हात उगारण्यासाठी नाही. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा आठवावी. तीत प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहे, आणि तेवढ्यावर न थांबता लालनपालनाचेही वचन आहे. न मारणे एवढ्याने लालनपालन होत नाही. आणि उदान या ग्रंथात श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले एका सापाला काठीने मारीत होती, असा प्रसंग आहे. साप मेला की नाही याची चौकशी भगवंतांनी केली नाही. स्वतःला सुख हवे असणाऱ्याने सुख हवे असणाऱ्या दुसऱ्या जिवावर काठी चालवावी, हीच गोष्ट त्यांनी दोषास्पद ठरविली.

येथे एखादा अभ्यासू उपासक मला अडवील. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाची कथा आहे. केसी म्हणतो, मी काही घोडे मृदूपणे शिकवितो, काही कठोरपणे, काही दोन्ही रीतींनी. आणि कशानेच न वळणाऱ्या घोड्याला मारून टाकतो, नाहीतर माझ्या गुरुकुलाला बट्टा लागेल. भगवान त्याला सांगतात की मीही तिन्ही रीतींनी शिकवितो. मग कठोरपणाला धम्मात जागा आहे ना? जागा आहे, पण पुढे वाचा. भगवंतांचा कठोरपणा म्हणजे दुराचार कोणता आणि त्याचे फळ कोणते हे स्पष्ट दाखविणे. चाबूक त्यात कोठेच नाही. आणि न वळणाऱ्याला 'मारणे' म्हणजे काय, तर तथागतांनी त्याला उपदेशास योग्य न मानणे. केसीचेच शब्द घेऊन भगवंतांनी त्यांतली हत्यारे काढून घेतली. हे ऐकून केसी शरण आला. अंगुलिमालाच्या कथेतही प्रसेनजित राजाला हेच नवल वाटते की, ज्याला आम्ही दंडाने आणि शस्त्राने वठणीवर आणू शकलो नाही, त्याला यांनी दंडाविना आणि शस्त्राविना आणले.

कुत्र्याला दुराचाराचे फळ समजावून सांगता येत नाही हे खरे. त्याला शील नसते, सवय असते. म्हणून या प्रश्नात शील आहे ते धन्याचे. परंतु धन्याचे शील बाजूला ठेवून केवळ उपयोगाच्या दृष्टीने पाहिले, तरी काठी काय शिकविते?

१९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता. काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले की काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले, जिथे एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. बहुतेकांनी तो ओलांडला नाही. ती जागच्या जागी बसून राहिली, कण्हत राहिली. आपण ज्याला "शहाणे झाले" म्हणतो, ती अवस्था पुष्कळदा हीच असते. पुढे २०१६ साली त्याच दोघा संशोधकांनी आपल्या निष्कर्षात दुरुस्ती केली, ती मला फार मोलाची वाटते. हतबलता शिकावी लागत नाही, असे त्यांनी म्हटले. दीर्घ छळात ती आपोआप येते. शिकावे लागते ते हे की, आपल्या करण्याने काहीतरी बदलते.

ही तुलना मी जपून करतो. आपल्या पूर्वजांना कुत्र्याची उपमा देऊन हिणविण्यात आले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे असे सांगितले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता. म्हणून माणूस आणि कुत्रा यांना एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, भयाने आलेली शांतता म्हणजे सद्वर्तन, हे खोटे आपल्याइतके कोणी ओळखलेले नाही. वाड्यासमोर मान खाली घालून उभ्या राहणाऱ्याला गाव 'गुणी माणूस' म्हणत असे. त्या गुणाची किंमत आपल्या आजोबांनी मोजली आहे. ती पदवी आपण दुसऱ्या कोणाला, मग तो जीव केवढाही लहान असो, कशी देणार?

आणखी एक मत प्रचलित आहे. कुत्रा म्हणे लांडग्याच्या वंशातला, कळपात एक म्होरक्या असतो, म्हणून धन्याने दरारा बसवून म्होरक्या झाले पाहिजे. या मताचा उगम पाहण्यासारखा आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि ते १९४७ साली प्रसिद्ध केले. ते लांडगे कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले. म्हणजे पिंजऱ्यातल्या भांडणाला निसर्गाचा नियम म्हटले गेले! माणसांना कोंडून तयार केलेल्या उतरंडीलाही असेच निसर्गाचे नाव दिले गेले होते, हे २५ डिसेंबर १९२७ चा वारसा सांगणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको.

मारण्याने धोका टळतो हेही खरे नाही. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्याच पशुवैद्यकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितले की कुत्रा उलटून अंगावर आला. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. दंडाने शिकविणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली. अमेरिकेतील पशुवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने तर २०२१ साली सर्वच कुत्र्यांसाठी, अंगावर धावणाऱ्यांसाठीही, बक्षिसाच्या रीतीची शिफारस केली आहे.

मग करावे काय? पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचे मन नव्या गोष्टी सहज स्वीकारते. त्या काळात काठी टेकीत चालणारे आजोबा, रडणारे मूल, कुकरची शिट्टी, सायकल, टोपीवाला पाहुणा हे सारे त्याला गोडीने, त्याच्या कलाने दाखवावे. लसीचे पशुवैद्यांना विचारावे. झोपेतून उठले, खाऊन झाले, की लगेच बाहेर न्यावे. बाहेर मुतले की त्याच क्षणी कौतुक आणि भाकरीचा तुकडा. घरात झाले तर मुकाट्याने पुसून घ्यावे. नाक घासल्याने ते एवढेच शिकते की तुमच्यासमोर मुतणे धोक्याचे आहे, आणि मग पलंगाखाली जाऊन मुतते. हाताला दात लावले की खेळ थांबवावा आणि चावायला जुन्या फडक्याची गाठ द्यावी. यात पैशाचा खर्च नाही. वेळेचा आहे, आणि कष्टकरी घरात वेळ हीच महाग वस्तू असते हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, तेवढा वेळ नसेल तर पिल्लू आणू नये.

सायकलवाल्यावर धावणारा मोठा कुत्रा हे अधिक अवघड काम. तो बहुधा भ्यालेला असतो. धावून गेले की सायकल निघून जाते, म्हणजे आपला उपाय लागू पडला, असा त्याचा हिशेब. त्याच क्षणी पाठीत काठी बसली की सायकल आणि वेदना यांची त्याच्या मनात गाठ बसते आणि भय दुप्पट होते. रशियाच्या पाव्हलॉव्हने अशा गाठी कशा बसतात ते कुत्र्यांवरच दाखवून दिले होते. आपल्याला तीच गाठ उलट बांधायची आहे. त्याला दोरीने धरून इतक्या लांब उभे राहावे की सायकल दिसेल, पण तो भडकणार नाही आणि दिलेले खाईल. सायकल दिसली की उकडलेल्या अंड्याचा किंवा कलेजीचा कण. सायकल गेली की खाणे बंद. रोज थोडा वेळ. काही दिवसांनी सायकल दिसताच तो तुमच्या तोंडाकडे पाहू लागेल. मगच चार पावले पुढे. भडकला तर रागावू नये. अंतर कमी झाले असे समजून मागे यावे. आणि गुरगुरला म्हणून कधीही मारू नये. गुरगुरणे हा त्याने दिलेला इशारा आहे. तो मारून बंद केला तर पुढच्या वेळी इशाऱ्याविना चावेल.

आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतील, माणसांवर अत्याचार होत असताना ही कुत्र्याची चिंता कसली? त्यांचा राग मी समजतो. भटक्या कुत्र्यांना बिस्किटे घालणारी, पण आडनाव ऐकून खोली भाड्याने नाकारणारी माणसे शहरात आहेत; तिला कोणी मैत्री म्हणू नये. तरीही दुसऱ्याचा ढोंगीपणा हे आपल्या काठीचे समर्थन होत नाही. आणि बाबासाहेबांचे १९३४ सालचे राजगृहावरील कुटुंबासमवेतचे छायाचित्र आपण पाहिले असेल; त्यात माता रमाईंच्या आणि यशवंतरावांच्या सोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. ज्यांच्यापुढे साऱ्या समाजाचे दुःख होते, त्यांच्या घरात त्याला जागा होती.

मी शिक्षक आहे, म्हणून आणखी एक गोष्ट दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे बंद केले. पण मूल घरी पाहते की मालकाचा राग बाबा आईवर काढतात, आईचा त्याच्यावर निघतो, आणि त्याच्या हाताखाली उरते ते पिल्लू. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून वेगळे शिकवावे लागत नाही.

चावण्याचा धोका असेल तेथे मूल आधी, कुत्रा नंतर. यात शंका नको. दात लागला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. अंगारे-धुपारे आता आपल्या घरात नकोत. पिसाळलेल्या जनावराच्या बाबतीत तत्त्व आणि नियम यांतला भेद कामी येतो. तेथे गरज आहे, द्वेष नाही. पण जो पिसाळलेला नाही आणि तरी माणसांत सुरक्षित नाही, त्याला बाहेर नेताना जाळीचे मुसके घालावे, एरवी दार किंवा कुंपण असावे, पशुवैद्यांना दाखवून दुखणे आहे का ते पाहावे. अशा कुत्र्याला पोत्यात घालून रात्री दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येण्याची जी रीत आहे, ती मात्र बंद करा. त्या वेशीजवळ बहुधा आपल्याच माणसांची घरे असतात.