येथे गुणी मुले आहेत काय?

फिनलंड देशाच्या उत्तर भागात रोवानिएमी नावाचे नगर आहे. त्यापासून सुमारे आठ किलोमीटरांवर, भूगोलात जिला उत्तर ध्रुववृत्त म्हणतात त्या रेषेवर, नाताळबाबाचे गाव म्हणून एक स्थळ वसविलेले आहे. नाताळच्या सुमारास तेथे सूर्य दिवसातून जेमतेम दोन तास दिसतो, जिकडेतिकडे बर्फ असते, आणि रेनडिअर नावाची सांबरासारखी शिंगाळ जनावरे बिनचाकाची गाडी बर्फावरून ओढीत नेतात. आपल्या शहापूर-मुरबाडकडे त्याच दिवसांत खळ्यावरील भाताची झोडणी आटोपत आलेली असते आणि शेतातल्या उरल्यासुरल्या ओलीवर वालाची रोपे वर आलेली असतात. तो देश आणि हा देश यांत साम्य ते काय? तथापि हल्ली तो पूर्वीइतका दूर राहिला नाही. मुंबई-पुण्याच्या सहल-कंपन्या मराठी कुटुंबांस तेथे नेतात. हेलसिंकीत नोकरीनिमित्त राहणारे आईबाप लेकरांना घेऊन रात्रीच्या आगगाडीने सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेस जातात. मग पांढऱ्या दाढीच्या वृद्धाशेजारी बसलेल्या नातवाचे छायाचित्र त्याच दिवशी मुरबाडच्या आजीच्या मोबाईलवर येते.

असे एक छायाचित्र पाहून आमच्या एका उपदेशकबंधूंनी विचारले, "पाळकसाहेब, जो मनुष्य नाहीच तो आहे असे लेकराला दाखविणे, हे खोटे बोलणे नव्हे काय? आणि ख्रिस्ती आईबापांनीच ते करावे?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याची मुळे खोल गेली आहेत.

प्रथम त्या गावाविषयी थोडे सांगतो, म्हणजे उगाच दोष लावला असे होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४४ च्या ऑक्टोबरात रोवानिएमी जाळले. बहुतेक सर्व इमारतींची राख झाली. पुढे नगराची पुनर्बांधणी पाहण्यास एलिनोर रुझवेल्टबाई १९५० च्या जूनमध्ये आल्या, तेव्हा ध्रुववृत्तावर त्यांच्यासाठी घाईघाईने एक लाकडी खोपटे उभारण्यात आले. ते अद्याप उभे आहे, आणि त्याच जागी १९८५ साली हे नाताळबाबाचे गाव सुरू झाले. गावात शिरण्यास व त्या वृद्धास भेटण्यास पैसा पडत नाही. छायाचित्र घरी न्यावयाचे असेल तर पडतो. जळून गेलेल्या नगराने पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर पोट भरावे यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. तेथील टपालकचेरीत आजवर जगभरच्या मुलांची दीड कोटीहून अधिक पत्रे आली आहेत. फिनलंडचे लोक सांगतात की नाताळबाबाचे खरे घर कोर्वातुंतुरी डोंगरावर आहे. कोर्वा म्हणजे कान. डोंगराचा आकार कानासारखा, म्हणून सर्व मुलांचे बोलणे त्यास ऐकू येते. ही गोष्ट १९२७ साली मार्कुस राउतिओ या गृहस्थांनी रेडिओवर मुलांना सांगितली आणि ती लोकांच्या मनात बसली.

आता खोटेपणाचा प्रश्न. ऑगस्तीन याने इ. स. ३९५ च्या सुमारास असत्य भाषणावर एक ग्रंथ लिहिला. असत्याच्या बाबतीत तो अतिशय कडक; जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये असे त्याचे मत. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी त्याने थट्टेस असत्यातून वगळले आहे. कारण थट्टा करणाऱ्याचा स्वर आणि मुद्राच सांगत असते की, हे खरे धरू नका. आपल्याकडे हे समजावयास ग्रंथ नको. शहापूरच्या शेजारी मोखाडा-जव्हारकडे उन्हाळ्याच्या तोंडी बोहाडा होतो. त्यातील पूजाअर्चेत आपण भाग घेत नाही, हे खरे; पण मुखवट्यांचा नाच सर्वांनी पाहिलेला आहे. रावणाचा मुखवटा चढवून नाचणारा हा आपल्याच पाड्यावरचा अमुक, हे लहान पोरासही ठाऊक असते. तरी तो अंगावर धावून आला की पोर आईच्या पदराआड लपते, आणि पदराआडून हसते. भय खरे, हसूही खरे, आणि फसवणूक कोणाचीच नाही. यास सोंग म्हणतात. फिनलंडच्या नाताळबाबाचे मूळही सोंगातच आहे. त्याच्या तेथील नावाचा अर्थ नाताळचा बोकड असा होतो, आणि पूर्वी त्या देशात बोकडाचे सोंग घेतलेले तरुण घरोघर फिरून खाण्यापिण्यास मागत. मागणारा बोकड पुढे देणारा बाबा झाला!

तेव्हा वृद्ध मनुष्याने तांबडा अंगरखा घालून बसणे हे पाप, असे आम्ही म्हणणार नाही. लेकराने मात्र एके दिवशी आईच्या डोळ्यांत पाहून, "हा खराच आहे का?" असे विचारले, तर त्या क्षणी सोंग संपले पाहिजे. त्यानंतरही आई "होय" म्हणत राहिली, तर ती थट्टा नव्हे. अशाच एखाद्या प्रसंगी लेकरू मनात विचार करील की, आईने प्रभूविषयी सांगितलेलेही याच जातीचे असेल. बहुतेक आयांना हे कोणी शिकवावे लागत नाही. येथवर उपदेशकबंधूंच्या प्रश्नाचे उत्तर झाले.

परंतु आम्हांस अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. फिनलंडमध्ये नाताळच्या आदल्या सायंकाळी हा बाबा घरोघर येतो. तो धुराड्यातून उतरत नाही, दारातून आत येतो, आणि आल्याबरोबर विचारतो: येथे गुणी मुले आहेत काय? मुले ओरडतात, "आहेत!" मग देणग्या वाटल्या जातात. १९३४ साली अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या एका गाण्याने याच कल्पनेस चोपडीचे रूप दिले: कोण चांगला, कोण वाईट, हे तो लिहून ठेवतो. आता आपल्याकडील चित्रवाणीवर व शाळांच्या स्नेहसंमेलनांतही हा चोपडीवाला बाबा येऊन पोचला आहे.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या तालुक्यांत नेऊन पाहा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भांडीकुंडी डोक्यावर घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडी परततात. पुष्कळांनी मालकाकडून उचल घेतलेली असते. आणि ती उचल बहुधा लग्नासाठी असते. लग्न एक रात्र, फेड कित्येक हंगाम! वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचे ओझे कोणा कायद्याच्या नजरेस सहसा पडत नाही. नाताळच्या दिवशी त्या घरातील पोर पहाटेपासून ओल्या विटा उलटीत असते. त्याने शाळेत शिकले आहे की गुणी मुलास देणगी मिळते. त्याला काही मिळाले नाही. आता त्याने कोणते अनुमान काढावे? तर्कशास्त्र त्याला एकच वाट दाखविते. उलटपक्षी, ज्याचा बाप हजारो कोस विमानाने नेऊ शकतो त्या मुलाचे अनुमानही तितकेच घातक आहे: मी चांगला, म्हणून मला मिळाले. पहिल्या लेकराचे मन खचते आणि दुसऱ्याचे फुगते. आणि दोघांनाही कळत नाही की देणगी आईबापाच्या खिशातून येते.

ज्या पुरुषाच्या नावावरून हे सर्व निघाले, तो चौथ्या शतकातील मिरा नगराचा बिशप निकोलस. ते ठिकाण आज तुर्कस्थानात आहे. त्याच्याविषयीची परंपरागत कथा अशी की, एका निर्धन मनुष्याच्या तीन मुली होत्या; हुंडा देण्याची ऐपत नसल्यामुळे त्यांच्यावर विकले जाण्याची पाळी आली. निकोलसाने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. असे एकेका मुलीसाठी तीनदा केले. तिसऱ्या रात्री बापाने जागत राहून त्यास धरले, तेव्हा माझे नाव कोणास सांगू नको, एवढेच त्याने मागितले. कथेतील किती भाग इतिहास, हा वाद बाजूस ठेवू. हुंड्यासाठी विकली जाणारी मुलगी आणि लग्नाच्या उचलीसाठी भट्टीवर गहाण पडलेले घर, यांत फार अंतर नाही. म्हणून आपल्या लोकांना ही कथा बर्फाच्या गावापेक्षा लवकर समजेल. निकोलसही लपून देत असे, परंतु घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. त्या मुली गुणी होत्या काय, असे त्याने खिडकीतून विचारल्याचे कोणी सांगत नाही. बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांकडे दूत आला, त्यानेही त्यांच्या वर्तणुकीचा दाखला मागितला नाही.

येथे कोणी म्हणेल, हे उत्तरेकडील लोकांचे वेड, आपणांस त्याचे काय? तर मग आपल्या नाताळच्या झाडाखाली काय चालते ते पाहावे. पुष्कळ मंडळ्यांत शब्बाथशाळेच्या हजेरीवरून त्या दिवशी देणग्या वाटतात. ज्याची हजेरी पन्नास, त्यास कंपासपेटी; ज्याची वीस, त्यास पेन्सिल; आणि जो दिवाळीनंतर भट्टीवर गेला, त्याचे नाव पटावर शेवटी, पुढे रेघ. तांबडा अंगरखा नाही इतकेच; दारात उभे राहून आपण तोच प्रश्न विचारीत असतो.

एक वृद्ध शिक्षक आम्हांस म्हणाले की, बक्षीस नसेल तर मुले वचने पाठ करणार नाहीत. त्यांचा अनुभव आमच्याहून मोठा आहे आणि त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. बक्षीस ही प्रामाणिक वस्तू आहे. ते कमावलेले असते आणि कमावले म्हणून सांगता येते. मजुरीही तशीच. पण देणगी ही तिसरी वस्तू आहे, आणि तिला बक्षिसाचे नाव दिले की दोन्ही बिघडतात. हजेरीची बक्षिसे जूनमध्ये, शाळा उघडते त्या सुमारास द्यावी. तोवर भट्टीवरची मुलेही परतलेली असतात आणि त्यांनाही नव्या वर्षाची पहिली उपस्थिती लावता येते. नाताळास मात्र पटावरील प्रत्येक नावाला सारखेच मिळावे, मग ते दोन पेरू का असेनात. देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, तीही त्या दिवशी बंद ठेवलेली बरी. देणारे नाराज होतील. त्यांना निकोलसाची तिसरी रात्र सांगावी.

रोवानिएमीस जाणाऱ्या कुटुंबाने खुशाल जावे. लेकराने बर्फात लोळावे, गाडीत बसावे, वृद्धाशी हस्तांदोलन करावे. परतताना मात्र बापाने त्यास तिकिटाचे पैसे कोठून आले आणि ते किती महिन्यांच्या कामाचे होते, हे सांगावे.

आणि भट्टीवरच्या मुलांचा वाटा पोचविण्याविषयी उपदेशकबंधूंस एक सूचना. कोणते घर कोणत्या गावच्या, कोणाच्या भट्टीवर जात आहे, हे ते दिवाळीनंतर निघतानाच वहीत टिपून ठेवावे. एकदा टेम्पो हलला की डिसेंबरात त्यांचा पत्ता लागत नाही, आणि मालकाचा मुकादम अनोळखी मनुष्यास सहसा आत सोडीत नाही. म्हणून त्यांच्यापैकीच एखाद्या नातेवाइकास बरोबर घ्यावे.