तोफेमागची कणव

एखादे शस्त्र दयेच्या पोटी जन्मास आले, तर त्या दयेचे पुण्य कर्त्याच्या खाती जमा धरावे काय, हा प्रश्न धर्मचिंतकाला टाळता येण्याजोगा नाही. एरिक फोन मानस्टाइन या जर्मन सेनाधिकाऱ्याने 1935 साली पायदळाच्या बरोबरीने चालणाऱ्या चिलखती तोफेचा प्रस्ताव वरिष्ठांपुढे ठेवला, तो पहिल्या महायुद्धाचा दारुण अनुभव स्मरून; कारण तोफखाना मागे राहिला की शत्रूच्या एकेका मशीनगनपुढे उघड्यावरच्या शिपायांच्या तुकड्याच्या तुकड्या कापल्या जात. त्या शिपायाविषयीची कणव खरी होती, असेच मी मानतो.

पुढे पॅन्झर-3 रणगाड्याच्या सांगाड्यावर, फिरता बुरूज वगळून, ही ठेंगणी गाडी सिद्ध झाली. 1940 साली ती फ्रान्सवरील स्वारीत उतरली, आणि 1942 साली लांब नळीची 75 मिलिमीटरची तोफ मिळाल्यावर रशियन रणगाडे फोडण्याचे कामही तिच्याकडे आले.

तिच्या रचनेतच कर्तृत्वाचा प्रश्न दडलेला आहे. बुरूज नसल्यामुळे तोफेचे तोंड डावीउजवीकडे जेमतेम दहा-बारा अंश वळे; लक्ष्य त्यापलीकडे असले म्हणजे नायकाने हुकूम सोडावा, चालकाने अवघे धूड जागीच वळवावे, तिसऱ्याने नळीत गोळा सारावा, आणि मग कोठे गोलंदाजाने नेम साधावा. चौघांचे हात लागल्याविना गोळा नीट सुटत नसे, आणि म्हणूनच चौघांपैकी प्रत्येकाला, तसेच कारखान्यातील कारागिराला आणि दफ्तरातील आराखडेकारालाही, आपण केवळ निमित्तमात्र आहोत असे मनाला समजावता येई.

आपल्याकडील धर्मविचार ही पळवाट मोकळी ठेवीत नाही. उपासकाला वर्ज्य म्हणून बुद्धांनी जे पाच व्यापार सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. म्हणजे दोष चाप ओढणाऱ्या बोटापाशी थांबत नाही. जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले, आणि आत्मरक्षणार्थ घडणाऱ्या विरोधी हिंसेचीही गृहस्थाला सवलत दिली. परंतु ज्या स्वारीचा उद्देशच परभूमी बळकावण्याचा, तिच्यात स्वकीय शिपायाला वाचविण्यासाठी चालविलेल्या तोफेला ती सवलत कोणत्या तोंडाने मागावी? स्वकीयांपाशी येऊन थांबणारी करुणा परकीयाच्या दारात संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या, हिंसेचेच साधन होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

1949 साली हाम्बुर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायासनापुढे मानस्टाइन यांच्यावर खटला चालला. ज्या आरोपांवर ते दोषी ठरले, त्यांत आपल्या अमलाखालील प्रदेशातील नागरिकांच्या रक्षणात कसूर केल्याचाही आरोप होता. शिक्षा 18 वर्षांची झाली. पुढे ती 12 वर आली, आणि 1953 साली त्यांची सुटका झाली.