रेटिंग आणि दैव

पुण्यातली स्विस पद्धतीची खुली बुद्धिबळ स्पर्धा विषम जोड्यांनीच सुरू होते. रेटिंगप्रमाणे लावलेल्या यादीचे दोन भाग पाडतात आणि वरच्या भागातला पहिला खेळाडू खालच्या भागातल्या पहिल्यासमोर बसतो. दोघांत ४०० गुणांचे अंतर असले, तर जागतिक बुद्धिबळ महासंघ ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारलेल्या अर्पाद एलो यांच्या गणितानुसार बलवानाने दहा डावांत सुमारे नऊ गुण मिळवायला हवेत. निकाल असा जवळजवळ ठरलेलाच असेल, तर डाव मांडायचा कशाला? दैव मोठे की पुरुषकार, हा जुनाच वाद इथे पटावर येतो.

योगवासिष्ठाचे उत्तर रोखठोक आहे. दैव म्हणजे आपलाच पूर्वीचा प्रयत्न. तो आणि आजचा प्रयत्न एडक्यांसारखे झुंजतात आणि जोरकस तो जिंकतो. रेटिंग या अर्थाने दैवच: झालेल्या डावांचा जमाखर्च. अडचण एवढीच, की पटावर संचित दोघांचेही असते. दुबळ्याने आज कितीही जीव ओतला, तरी समोरच्याने वर्षानुवर्षे घोटलेली हत्ती-प्याद्यांची अंतिम पर्वे पुसली जात नाहीत. म्हणून गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी अधिक नेमकी वाटते. तिथे अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यानंतर दैव येते, पाचांतले एक म्हणून. टिळकांनीही १९१५ च्या ‘गीतारहस्या’त कर्म अनादि मानून आत्मस्वातंत्र्याला जागा ठेवली.

फळाची ओढ मात्र बलवानालाच जास्त जाचते. रेटिंग-बदलाच्या वीसच्या गुणकाने ४०० गुणांनी मागे असलेल्याला हरवले तर त्याच्या पदरी जेमतेम दोन गुण पडतात. बरोबरी झाली तर आठ जातात. मग समसमान स्थितीतही तो विजय ओढून काढू पाहतो आणि कधीकधी हरतो. निष्काम कर्माचा उपदेश बहुधा हरणाऱ्याच्या सांत्वनासाठी वापरतात. गरज खरी या बलवानाला असते.

रेटिंगचा अंदाज कधी उलटतोही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या महिला ग्रांप्रीत कोनेरू हंपी आणि झू जिनर संयुक्त आघाडीवर राहिल्या, नागपूरची दिव्या देशमुख तिसरी आली. जुलैत बातुमीच्या विश्वचषकात पंधराव्या मानांकित दिव्याने दुसऱ्या मानांकित झूला बाहेर काढले आणि अंतिम फेरीत टायब्रेकमध्ये हंपीला हरवले. यामुळे रेटिंग खोटे ठरत नाही. एलोंच्या सूत्रात अंतर कितीही वाढवले, तरी दुबळ्याचा अपेक्षित गुण शून्यावर येत नाही.