हरणासाठी अंथरूण कोणी घालावं?

॥ श्री गुरवे नमः ॥

या महिन्याच्या अंकासाठी सेवा म्हणून काहीतरी लिहा, असं ताईंनी सांगितलं. विषय मात्र माझ्या भाच्याने दिला, तोही अमेरिकेतून फोनवर, नकळत.

भाचा विस्कॉन्सिन राज्यात राहतो. त्याच्या शेजाऱ्याची थोडी जंगलजमीन आहे. तो म्हणाला, "मावशी, हा माणूस हरणांसाठी बिछाने तयार करतो!" मला आधी वाटलं, किती दयाळू गृहस्थ! मग त्याने सगळं समजावलं. झाड छातीएवढ्या उंचीवर अर्धवट कापून वाकवायचं, म्हणजे ते मरत नाही. फांद्या जमिनीलगत येतात, पाला हरणाच्या तोंडाशी येतो आणि आडोसाही होतो. वर उघडीप झाली की ऊन खाली पोचतं आणि झुडपं दाट वाढतात. उतारावर जरा उंचशी जागा निवडायची, कारण हरीण बसतं ते पाठीकडून वारा घेऊन आणि समोरचं दिसेल असं. मागून कोणी आलं तर वास येतो, पुढून आलं तर दिसतं. एकदा जागा तयार झाली की मालक स्वतःसुद्धा तिथे वर्षभर पाऊल टाकत नाही. आणि नोव्हेंबरच्या शेवटी बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस आले की परवाना काढून, त्या जागेच्या बाहेर वाटेवर दबा धरून बसतो.

मी म्हटलं, "अरे, अंथरूण घालून द्यायचं आणि मग मारायचं? हा विश्वासघात नाही का?" तो हसला. "मावशी, पण त्याच्या रानात हरणं आहेत. तुमच्याकडे किती उरलीत?"

फोन ठेवला, पण डोक्यातून जाईना.

खरं सांगते, मला बोलायचा अधिकारच कुठे होता? लग्न होऊन पेडणे तालुक्यात आले, तेव्हा सासरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एका रात्री पिशवीतून मांस आलं. भेकराचं. कायदा 1972 सालचा, म्हणजे तेव्हाही तो गुन्हाच होता, पण गावात कोणी त्याबद्दल बोलत नसे. सासूबाईंनी वाटप लावलं, मी खोबरं भाजलं, मसाला वाटला. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. मीही. आज माळ घालून सत्संगाला बसते, म्हणून ते पुसलं जात नाही. त्या भेकरासाठी आमच्यापैकी कोणी एक झुडूपसुद्धा राखलं नव्हतं. ते आमच्या काजूच्या भाटात करवंदीच्या जाळीत आपलं आपण राहत होतं. विस्कॉन्सिनचा तो माणूस निदान वर्षभर त्यांची सोय बघतो. मग आमच्या दोघांत जास्त दोषी कोण?

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. बी.ए.ला संस्कृत होतं, तेव्हा कौटिल्याचं अर्थशास्त्र थोडं वाचलं होतं. त्यात राजासाठी दोन प्रकारची मृगवनं सांगितली आहेत. एक राजाच्या खेळासाठी. भोवती खंदक, आत जायला एकच दार, काटे नसलेली झाडं, पाण्याची तळी, माणसाळलेली जनावरं, आणि हिंस्र श्वापदं असलीच तर नखं-दात काढलेली. म्हणजे सगळं सुख आहे, पण राजाच्या सोयीचं. दुसरं वन राज्याच्या सीमेकडे, जिथे सगळे प्राणी अतिथी. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. आता कळतं की दोन्हीकडे हरणाला गवत, पाणी, सावली तीच. ते कोणाचं म्हणून तिथे राहतं, एवढाच फरक.

महाशिवरात्रीचा व्याध तर आपल्या घराघरात माहीत आहे. बेलाच्या झाडावर रात्रभर बसून, पाडसांचा निरोप घेऊन परत आलेल्या हरणांना त्याने सोडलं. आणि आकाशात अजून मृगाच्या मागे तो व्याधाचा तारा चमकतोच आहे! लहानपणी आई अंगणातून दाखवायची. मी विचारायची, गोष्टीत सोडलं, मग वर अजून मागे का लागलाय? आई म्हणायची, झोप आता.

भाच्याच्या शेजाऱ्याला मी विश्वासघातकी म्हटलं, पण नंतर वाटलं, तो शब्द नीट बसत नाही. हरणाला कोणी वचन दिलेलं नसतं. आणि निजायच्या जागी मारायचं नाही हा नियम तो पाळतो. (भाचा म्हणतो, त्यात त्याची सोयही आहे. तिथे एकदा घाबरली की हरणं ती जागा सोडून जातात.) मला खटकतं ते वेगळंच. उद्या शिकारीचा परवाना बंद झाला, तर तो ती झाडं वाकवेल का? तो नाही म्हणाला, तर ते अंथरूण हरणासाठी नव्हतंच. पण हरणाला त्याने काय फरक पडतो? त्याला तर वर्षभर निवारा मिळालाच. इथे मी अडकते. भाव वाईट असून कृती चांगली, आणि भाव चांगला असून कृती शून्य, यात रानातल्या जिवाच्या बाजूने बघितलं तर पहिलीच बरी. मनातल्या दयेने भेकराला सावली मिळत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही हे कळेल.

आमच्याकडे काजूची बेणणी दरवर्षी पौषात होते. खालचं सगळं झाडोरं कोयत्याने साफ करायचं, म्हणजे मार्चपासून पडलेले बोंडू दिसतात आणि साप-विंचवाची भीती राहत नाही. दोन वर्षांपूर्वी कामगारांना खालच्या उतारावर दिंड्याच्या झुडपात पाडस मिळालं. अंगावर फिकट ठिपके, अजिबात हालचाल नाही. एकाने उचलून घरी आणलं. "आई टाकून गेली, वहिनी," असं माझे दीर म्हणाले. टाकून गेलेली नसते. भेकरी, सांबरी पिल्लाला लपवून चरायला जातात आणि पिल्लू दगडासारखं पडून राहतं, तेच त्याचं संरक्षण. जनावर झपाझप खाऊन घेतं आणि मग निवांत बसून रवंथ करतं. म्हणून बसायची जागा म्हणजे त्याचं अर्धं जेवणच असतं. ती कापली तर गवत कितीही असो, ते तिथे टिकत नाही.

मला त्या पाडसाला बाटलीने दूध पाजायचा फार मोह झाला. जडभरताची कथा आठवली. गंडकीच्या काठी वाहत आलेलं पाडस त्याने वाचवलं ते योग्यच, पण मग त्यातच एवढा गुंतला की पुढचा जन्म हरणाचा. मी पदराने पुसत बसले असते तर मलाच समाधान मिळालं असतं. दिरांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता जिथून उचललंत तिथेच ठेवा, कुत्री बांधा आणि आज काम बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पाडस नव्हतं. आईने नेलं, की कोणी दुसऱ्याने, ते कळलं नाही. भुंकल्यासारखा आवाज त्या रात्री दोनदा आला, एवढंच.

त्या वर्षी तो खालचा तुकडा बेणला नाही. करवंद, कुडा, दिंडा, जे येईल ते येऊ दिलं. फक्त रानमोडी उपटून काढली, ती सगळं गिळते. काजू थोडे कमी मिळाले. मला मनातून फार बरं वाटायचं. संध्याकाळी दिवा लावताना वाटायचं, आपण काहीतरी फेडतोय.

पावसानंतर शेजारच्या आजी दारात आल्या. एकट्या राहतात, जमिनीचा तुकडा केवढासा. म्हणाल्या, "तुझं पुण्य माझ्या शेतात येऊन खातं गो!" आमच्या त्या दाट झाडोऱ्यात रानडुकरांनी बस्तान बसवलं होतं. एका रात्रीत त्यांचे करांदे आणि सुरण उकरून टाकले होते. अंथरूण भेकरासाठी घातलं आणि निजायला डुक्कर आलं! जागा मी राखली, किंमत त्यांनी मोजली. आणि ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

दीर म्हणाले, सगळं साफ करून टाकू. एकाने तर फास लावायचं सुचवलं. फासात डुक्करच सापडेल असं कुठे लिहिलंय? मी नाही म्हटलं. पण आजींना काय सांगणार? मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, माझ्या माहेरी डिचोलीत खाणींनी डोंगर कापले, आता जनावरांनी जायचं कुठे, हे सगळं खरं आहे. पण ते आजींच्या करांद्यांच्या बदल्यात देता येत नाही. माहेरी खाणीच्या मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्यात. लांबून हिरवंगार दिसतं, आत जाऊन पाहिलं तर पाल्याच्या थराखाली गवताची काडी नाही. तसलं पुण्य मला नको.

शेवटी असं केलं. आजींच्या कुंपणालगतची वीस-पंचवीस पावलं पूर्ण मोकळी केली. डुकराला उघड्यावरून जायला आवडत नाही. राखीव झाडोरा वर ओहोळाच्या बाजूला सरकवला. काजूच्या पैशातून आजींच्या शेताला जाळी घालून दिली. त्यांनी आधी घेतली नाही, म्हणाल्या भीक नको. मग दिरांनी जाऊन सांगितलं की ही आमच्या भाटाचीच जाळी आहे, फक्त तुमच्या बाजूने लावलीय. तेव्हा मान्य झालं. यंदा करांदे वाचले. सुरणाचे दोन कंद गेले.

भाच्याला परवा हे सगळं सांगितलं. म्हणाला, "मावशी, आमचा शेजारी विचारतोय, तुमच्याकडे हरणं किती आली?" मी म्हटलं, त्यांना सांग, मी मोजायला आत जात नाही.

बेणणी पुढच्या आठवड्यात आहे. ज्या गुरुभगिनींच्या घरी काजूचं भाट आहे, त्यांनी कामगारांना आधी सांगून ठेवावं की पाडस दिसलं तर हात लावू नका, कुत्री बांधा, आणि त्या दिवसापुरतं दुसरीकडे काम करा. आणि कुंपणापलीकडे कोणाचं शेत आहे, हेही बघा.

जय गुरुदेव.