रानमाणसाची वंशावळ

हान्स शिल्टबर्गर हा बव्हेरियाचा पोरगेला शिपाई १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत तुर्कांच्या हाती सापडला. पुढे तैमूर, मग तातार सरदार असे धनी बदलत तो आशियात हिंडला आणि १४२७ मध्ये घरी परतला. त्याच्या वृत्तांतात एका डोंगरातल्या रानटी माणसांची हकिकत येते. हात आणि चेहरा सोडला तर त्यांचं अंग केसांनी भरलेलं, आणि राहणी जनावरांसारखी. मंगोलिया, अल्ताई आणि कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात ‘अल्मास’ किंवा ‘अल्मास्ती’बद्दल जे सांगतात, ते याहून फारसं वेगळं नाही. सहाशे वर्षांत गोष्ट जवळजवळ तशीच राहिली. शिकल्यासवरल्या लोकांनी तिचा लावलेला अर्थ मात्र दर काही पिढ्यांनी पालटला.

हा अल्मास म्हणजे टिकून राहिलेला आदिमानव असेल का, हा प्रश्न गोष्टीच्या मानाने ताजाच आहे. तो पडण्याआधी आदिमानव सापडावा लागला. १७५८ मध्ये लिनियसने ‘होमो सेपियन्स’च्या शेजारी ‘होमो ट्रोग्लोडायटिस’ नावाची दुसरी मानवजात मांडली, तेव्हा प्रवाशांच्या ऐकीव कथा आणि वानरांची अर्धवट वर्णनं एवढाच तिचा आधार होता. हा दुसरा माणूस आपला समकालीन होता. त्याला भूतकाळ नव्हता.

भूतकाळ मिळाला तो १८५६ मध्ये, जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात हाडं सापडल्यावर. १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी त्या मानवाला वेगळ्या जातीचं नाव दिलं. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे मिळालेल्या सांगाड्यावरून मार्सेलँ बूल यांनी निअँडरथलचं रूप उभं केलं: पोक काढलेला, गुडघ्यांत वाकलेला, निम्मा वानर. हे चित्र लोकांच्या मनात इतकं घट्ट बसलं की पुढे कुणी केसाळ रानमाणसाचं वर्णन केलं, की ओळखीचा चेहरा समोर यायचा.

या दोघांची गाठ सगळ्यात जोरकसपणे घालून दिली ती एका इतिहासकाराने. बोरिस पोर्शनेव्ह हे सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या शेतकरी उठावांचे सोव्हिएत अभ्यासक. १९५१ मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी हिमालयातल्या मेनलुंग हिमनदीवर घेतलेल्या पावलांच्या छायाचित्रांनी जगभर हिममानवाचं वेड पसरवलं होतं. १९५८ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीनेही पामीरमध्ये मोहीम धाडली. ती रिकाम्या हाती परतली आणि अकादमीचा उत्साह ओसरला. पोर्शनेव्ह यांचा ओसरला नाही, कारण त्यांच्यासाठी प्रश्न एका प्राण्यापुरता नव्हता. माणूस भाषेने माणूस होतो, ही त्यांची धारणा होती. ज्याला बोलता येत नाही तो कितीही माणसासारखा दिसला तरी पशूच. निअँडरथल त्यांनी याच रेषेपलीकडे ठेवला होता. जिवंत, मुका निअँडरथल सापडला असता तर त्यांच्या सिद्धान्ताला हवा असलेला पुरावाच हाती आला असता. १९७२ मध्ये ते वारले. दोन वर्षांनी बर्नार ह्यूवेलमान्स यांच्यासह त्यांच्या नावावर निघालेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच निअँडरथल अजून जिवंत असल्याचं जाहीर केलं होतं. १९८३ मध्ये मायरा शॅकली या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनीही अल्मासच्या संदर्भात ही शक्यता गांभीर्याने मांडली.

तोवर निअँडरथल मात्र बदलू लागला होता. बूल यांचा सांगाडा संधिवाताने वाकलेल्या माणसाचा आहे, हे १९५७ मध्येच स्ट्राउस आणि केव्ह यांनी दाखवून दिलं. १९८३ मध्ये इस्राएलमधल्या केबारा गुहेत त्याचं जिभेच्या मुळाशी असणारं, बोलण्याशी निगडित हाड मिळालं आणि ते आपल्या हाडासारखंच निघालं. शेकोट्या, घडीव दगडी हत्यारं, पुरलेले मृतदेह यांची नोंद वाढत गेली. २०१० मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा थोडा वारसा उतरलेला दिसला. विस्तव राखणारा, मेलेल्याला पुरणारा, आपल्याशी सोयरीक झालेला हा माणूस एकीकडे. विस्तव नाही, हत्यार नाही, बोली नाही, असा अल्मास दुसरीकडे. अल्मासचं साम्य होतं ते बूल यांच्या चित्राशी. चित्र खोटं ठरलं, तेव्हा साम्यही गेलं.

तरीही प्रश्न तिथे संपला नाही, आणि संपायला नकोच होता. २००४ मध्ये इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरचा जेमतेम मीटरभर उंचीचा मानव जाहीर झाला. त्याच बेटावरचे नागे लोक ‘एबू गोगो’ नावाच्या बुटक्या केसाळ माणसांच्या गोष्टी सांगत आले होते. मग २०१० मध्ये डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या हाडाने आणखी एक मानवशाखा उघड केली. ही गुहा अल्ताईत, म्हणजे अल्मासच्याच मुलखात आहे. २०१८ मध्ये तिथल्याच एका हाडातून अशी मुलगी समोर आली, जिची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोवन. पृथ्वीवर एकाच वेळी अनेक प्रकारची माणसं नांदली, हे मानणारे बरोबर होते.

पण पन्नास हजार वर्षांपूर्वी होता, यावरून आज आहे, हे निघत नाही. एकटा अल्मास टिकू शकत नाही. शेकडो जीव, त्यांची पोरं, त्यांच्या दोन हजार पिढ्यांची हाडं कुठेतरी असायला हवीत. २०१४ मध्ये जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी तपासलेल्या केसांत रशियातल्या अल्मास्तीचे म्हणून आलेले नमुनेही होते. ते अस्वल, घोडा, गाय अशा प्राण्यांचे ठरले.

या शोधातला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून जे पुढे केलं जाई, ते एका बाईचं आयुष्य होतं. अबखाझियातल्या त्खिना गावात एकोणिसाव्या शतकात झाना नावाची बाई कोंडून ठेवली होती. तिला बोलता येत नसे, अंगावर दाट केस होते, असं गावकरी सांगत. गावातल्या पुरुषांपासून तिला मुलं झाली. ती मुलं चारचौघांसारखी बोलली आणि गावातच नांदली. पोर्शनेव्ह यांनी तिच्या आठवणी गोळा केल्या आणि तिला निअँडरथल मानलं. २०२१ मध्ये तिच्या समजल्या जाणाऱ्या अवशेषांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. तिचा वंश आफ्रिकी होता आणि ती तुमच्याआमच्यासारखी आधुनिक माणूस होती. मुलं आपल्यासारखी निपजली हा पुरावा सुरुवातीपासून डोळ्यांसमोर होता. तो झानाच्या बाजूने कुणी वाचला नाही.

आदिमानव उरला असेल का, हे विचारण्यात गैर काही नाही. मात्र आता आपल्याला माहीत असलेला निअँडरथल खरोखर कुठे उरला असेल, तर त्याचा माग केसांवरून किंवा पावलांवरून काढणं चुकीचं ठरेल. त्याच्या शेकोटीची राख शोधावी लागेल. आणि तो भेटलाच, तर त्याला पकडायला माणसं पाठवायची की बोलणी करायला, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.