‘गिफ्ट लिही ना!’

जुनी कॅमेरा लेन्स जर्मनीतल्या एखाद्या हौशी फोटोग्राफरला विकली, की कस्टम्सच्या फॉर्मवर ‘भेट’ आणि ‘विक्री’ यांपैकी एकावर खूण करावी लागते. घेणारा म्हणतो, “गिफ्ट लिही ना!” खासगी भेटीला तिथे ४५ युरोंपर्यंत करमाफी आहे, विकत घेतलेल्या वस्तूवर मात्र जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासूनच व्हॅट. एकदा कर भरलेल्या जुन्या वस्तूवर पुन्हा कर, हे मलाही खटकतं. तरी मी ‘विक्री’च लिहितो. कारण ही लेन्स त्याने हातात धरून पाहिलेली नाही. ‘काचेला बुरशी नाही’ या माझ्या एका वाक्यावर त्याने पैसे पाठवलेत. सोयीसाठी कस्टम्सशी खोटं बोलणारा माणूस आपल्याशी खरंच बोलेल, हे त्याने कशावरून मानायचं?