कापडावरचे नाव आणि कर्तेपणाचा प्रश्न

कलाकृतीवर कर्त्याचे नाव असावे की नसावे, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी कर्तृत्वाचा, म्हणजे एखादी कृती खऱ्या अर्थाने कोणाची असते याचा, तात्त्विक पेच आहे. स्वीडिश वस्त्रसंकल्पनाकार आस्ट्रिड साम्पे यांचे उत्तर निःसंदिग्ध होते. स्टॉकहोममधील नॉर्डिस्का कोम्पानिएट या मोठ्या पेढीच्या वस्त्रविभागाची धुरा 1937 पासून सांभाळणाऱ्या साम्पे यांनी 1954 मध्ये छापील कापडांची जी मालिका काढली, तिचे नावच ‘स्वाक्षरीचे कापड’ या अर्थाचे होते आणि आराखडा करणाऱ्या कलावंताला तिच्यात नावानिशी मान होता.

सिल्वासाच्या परिसरात, तसेच शेजारच्या डहाणू-तलासरीत, वारली समाजाची परंपरा याच्या नेमकी उलट दिसते. लग्नचौक, म्हणजे विवाहप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली आणि पालघट देवीला सामावून घेणारी चौकट, सवाशिणी काढतात व धवलेरी ही स्त्री-पुरोहित विधीची गाणी गाते. मात्र त्या चौकावर कोणाचेही नाव नसते, कारण तो देवीचे स्थान असतो, कोणाची निर्मिती नव्हे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधन, विविध चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि दैव. कर्ता हे त्यांतील एक कारण असल्याने केवळ स्वतःलाच कर्ता मानणे हा भ्रम ठरतो. तथापि अहंकार गळालेल्या संतांनीही अभंगाच्या शेवटी नाममुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेले स्वतःचे नाव, राखली; यावरून नाव आणि अहंकार एक नव्हेत, हे स्पष्ट होते.

1970 च्या दशकात वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली, गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे नावाने ओळखले जाऊ लागले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे चौकाचे पावित्र्य उणावले नाही, कारण ते आकृतीत नसून विधीत असते. प्रश्न उभा राहतो तो याच आकृत्या चादरींवर व साड्यांवर निनावी छापल्या जातात तेव्हा. त्याग हा ज्याचा त्यानेच करायचा असतो, दुसऱ्याच्या वतीने तो करता येत नाही. म्हणून विक्रीचे फळ स्वतःकडे ठेवून चित्रकाराचे नाव तेवढे गाळणारा व्यापारी परंपरेच्या निरहंकाराचा वारसा सांगू शकत नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने समाजाचे नाव राखले, पण व्यक्तीचे नाव त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून देवीपुढील चौक निनावी राहणे हा धर्म असला, तरी बाजारातील कापड निनावी राहणे हा अन्यायच होय.